गरिबीचा दाखला आणि पंचवीस रुपयांची इज्जत

मुंबईत ९ मे २०२५ रोजी बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांचे दहा झाले आणि वातानुकूलित बसचे सहाचे बारा. त्यापूर्वी साडेतीन महिने, २५ जानेवारीपासून, एस. टी.ची भाडी १४.९५ टक्क्यांनी वाढली होती. धुणीभांडी करणारी एखादी बाई कामावर जायला एक आणि परत यायला एक अशा दोनच बसफेऱ्या करीत असेल, तरी सव्वीस दिवसांच्या महिन्यात तिचा खर्च २६० रुपयांवरून ५२० रुपयांवर गेला. आणि हा हिशेब सर्वांत कमी टप्प्याचा आहे. अशी भाडेवाढ झाली की सुज्ञ म्हणवणाऱ्या मंडळींकडून एक तोडगा हटकून पुढे येतो. भाडे खर्चाच्या प्रमाणात असू द्यावे, सरसकट सवलतींची खिरापत बंद करावी, आणि जो खरोखरीच गरीब आहे त्याने अर्ज करावा, उत्पन्नाचा पुरावा जोडावा व आपली सवलत घेऊन जावे. ऐकायला हे इतके रास्त वाटते की आपल्या चळवळीतील पुष्कळ कार्यकर्तेही त्याला मान डोलावतात. 'अल्प उत्पन्न गटासाठी सवलतीचा पास' ही मागणी आपल्या निवेदनांत सहज लिहिली जाते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार थोडा खोलात जाऊन करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेलेला आहे. ३ जुलै २००९ रोजी मांडलेल्या रेल्वे अर्थसंकल्पात त्या वेळच्या रेल्वेमंत्री ममता बॅनर्जी यांनी 'इज्जत' नावाची योजना जाहीर केली. असंघटित क्षेत्रात काम करणाऱ्या, महिना १५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या माणसाला १०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाचा महिन्याचा पास फक्त २५ रुपयांत मिळणार होता. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून योजना सुरूही झाली. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. डोक्यावर पाटी घेऊन गाडीत चढणाऱ्या माणसाने तपासनिसाच्या भीतीने कोपऱ्यात अंग चोरून बसू नये, हातात पास धरून बसावे, हा त्या नावामागचा भाव होता, आणि तो चांगलाच होता. मात्र तिकीट-खिडकीपाशी पोचेपर्यंत त्या माणसाच्या इज्जतीचे काय होते, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

पात्रता सिद्ध करण्याचे मार्ग असे होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडून उत्पन्नाचा दाखला आणावा. नाही तर दारिद्र्यरेषेखालील असल्याचे कार्ड किंवा केंद्र सरकारच्या एखाद्या मान्य दारिद्र्यनिर्मूलन योजनेतील प्रमाणपत्र दाखवावे. तेही नसेल तर आपल्या खासदाराचे शिफारसपत्र मिळवावे. कागदावर हे उदार दिसते. आता कसाऱ्याच्या आसपासच्या एखाद्या पाड्यावरची बाई डोळ्यांपुढे आणावी. पावसाच्या तोंडाशी शेवळे, मग टाकळा, पुढे करटोली, आणि वर्षभर पळसाची पाने घेऊन ती पहाटेच्या गाडीने दादरला येते, बाजाराच्या कडेला बसते आणि माल संपला की परतीची गाडी धरते. तिचे तहसील शहापूरला. कसाऱ्याहून आगगाडीने आसनगावला उतरायचे आणि तेथून रिक्षा वा एस. टी. पकडायची. पण तहसीलदाराच्या आधी तलाठी येतो. तलाठी सजावर भेटेलच असे नाही, तो बैठकीला गेलेला असतो, पंचनाम्याला गेलेला असतो. त्याचा अहवाल झाला की स्वयंघोषणापत्र, रहिवासाचा पुरावा, छायाचित्र, सेतू केंद्रातील रांग. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्याला मुदत बांधून दिली आणि अर्ज संगणकावर आला हे मान्य. परंतु संगणक सेतू केंद्रात आहे, पाड्यावर नाही, आणि 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द आता महाराष्ट्रातील निरक्षर माणसालाही अर्थासह पाठ झाले आहेत. दाखल्यापायी या बाईचे तीन दिवस गेले असे धरले, तर तीन दिवसांची विक्री बुडाली. त्यात रानभाजीचा हंगाम मोजक्या आठवड्यांचा. दाखला हातात येईपर्यंत शेवळे संपलेले असते.

आणि एवढे करून २००९ साली तिला पास मिळाला नसताच. कसारा मुंबईच्या टोकापासून सुमारे १२० किलोमीटर, दादरपासून ११० च्या पुढे. शंभर किलोमीटरच्या नियमात कर्जतहून दादरला येणारी बाई बसत होती, कसाऱ्याहून येणारी बसत नव्हती. २०१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पात अंतराची मर्यादा १५० किलोमीटर झाली, तेव्हा ही चूक सुधारली गेली. उत्पन्नाची मर्यादा मात्र त्या वेळी हलली नाही.

या १५०० रुपयांच्या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. महिन्याचे सव्वीस दिवस कामाचे धरले तर दिवसाला ५८ रुपयेही पडत नाहीत. योजना जाहीर झाली त्या वेळी केंद्र सरकारनेच ठरवलेली राष्ट्रीय किमान वेतनाची पातळी दिवसाला ८० रुपये होती, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती १०० झाली. म्हणजे महिनाभर रोज कामावर जाणारा आणि तरीही 'इज्जत' पासाला पात्र ठरणारा मजूर हा केंद्राच्याच मापाने किमान वेतनाखाली राबणारा मजूर होता. अशा मजुराला सरकारी अधिकाऱ्याने दाखला द्यायचा, त्यावर गोल शिक्का उमटवायचा, रेल्वेने तो दाखला पाहून पास द्यायचा. आणि या साऱ्या प्रवासात एकाही टेबलावर कोणी विचारायचे नाही की तुला एवढे कमी देणारा मालक कोण? जो मजूर कायद्याप्रमाणे वेतन घेत होता, तो पासाच्या दृष्टीने श्रीमंत ठरला. कामगार चळवळीने लढून मजुरी वाढवावी आणि त्या वाढीबरोबर मजुराने प्रवासाची सवलत गमवावी, अशी ही रचना होती. उत्पन्नाची रेषा आखून दिलेल्या प्रत्येक सवलतीत हा काटा कोठे ना कोठे असतोच.

रेषाही एक नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून शिधापत्रिकांना तीन रंग आले. पिवळ्या कार्डासाठी वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत हवे होते. संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाची मर्यादा २१,००० रुपये. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,०००. 'लाडकी बहीण' योजनेत २०२४ साली ती अडीच लाख झाली. आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल म्हणून १० टक्के राखीव जागा देताना २०१९ मध्ये केंद्र सरकारने ज्या उत्पन्नापर्यंत माणूस दुर्बल मानला, ते उत्पन्न वर्षाला आठ लाख रुपये. 'इज्जत'ची मर्यादा वर्षाच्या हिशेबाने १८,००० होते. निराधार योजनेतील २१,००० चा आकडा कुटुंबाचा आहे आणि रेल्वेचा आकडा माणसाचा, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु तहसीलदार जो दाखला देतो त्यावर कुटुंबाचेच उत्पन्न लिहिलेले असते, आणि खिडकीमागचा कारकून त्यावरचा आकडा वाचतो. ज्याला राज्य सरकार निराधार म्हणते तो रेल्वेच्या खिडकीवर सधन ठरू शकतो. आणि महिना सहासष्ट हजार मिळवणारा दिल्लीच्याच दुसऱ्या एका कचेरीत दुर्बल ठरतो. तलाठी बिचारा काय करतो? तो विचारतो, ''कशासाठी पाहिजे दाखला?'' योजनेचे नाव सांगितले की त्या योजनेत बसेल असा आकडा तो लिहितो. दयाळू असेल तर फुकट लिहितो. उत्पन्न मोजण्याचे हे आपले शास्त्र आहे. ज्या बाईची कमाई आषाढात एक, मार्गशीर्षात दुसरी आणि आजारपणात शून्य, तिचे मासिक उत्पन्न काय लिहायचे, याचे उत्तर त्या बिचाऱ्याला ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

खासदाराच्या शिफारसपत्राची वाट याहूनही वाईट. तेथे हक्काची सवलत एका क्षणात मेहेरबानी होते. कोणाच्या ओळखीने पत्र मिळाले, कोणाच्या कार्यालयात गठ्ठ्याने वाटले, पुढच्या निवडणुकीत ते कोणी आठवून दिले, हे सगळे त्यामागून येते. अशा पत्रांच्या गैरवापराच्या तक्रारी झाल्या आणि मग सगळ्याच अर्जदारांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. लबाडी पत्रे वाटणाऱ्याने करावी आणि तिचा जाच पाटीवालीला व्हावा, हा आपल्याकडचा जुना न्याय येथेही पाळला गेला.

आता त्याच लोहमार्गावरची, त्याच डब्यातली दुसरी सवलत पाहावी. मुंबईच्या उपनगरी गाडीचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास ही फार मोठी सवलत आहे, पण तिला कोणी सवलत म्हणत नाही. साधारण पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्यात महिनाभर कितीही वेळा जा-ये करता येते. पंचवीस दिवस कामावर जाणारा माणूस पन्नास प्रवास करतो आणि पंधरांचे पैसे भरतो. त्यासाठी त्याला आपली गरिबी कोणापुढे उलगडावी लागत नाही. जून २०१४ मध्ये केंद्रातील नव्या सरकारने रेल्वेचे प्रवासभाडे १४.२ टक्क्यांनी वाढवले आणि त्याबरोबरच मासिक पास पंधराऐवजी तीस प्रवासांच्या हिशेबाने आकारायचे ठरवले. मुंबईत एकच ओरड झाली. सत्तारूढ आघाडीचेच खासदार रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांच्याकडे धावले, आणि चार-पाच दिवसांत तीसचा हिशेब मागे घेऊन पुन्हा पंधराचा करावा लागला. दुसऱ्या वर्गाच्या उपनगरी प्रवासाला ८० किलोमीटरपर्यंत वाढीतूनही वगळले गेले. हे घडले, कारण त्या पासावर बँकेतला कारकून, महाविद्यालयातला प्राध्यापक, गिरणी बंद पडल्यावर पहारेकरी झालेला कामगार आणि मंत्रालयातला शिपाई असे सगळेच प्रवास करीत होते. पासाचा हिशेब बदलताच वर्तमानपत्राचा संपादकही चिडला, कारण त्याच्या उपसंपादकांचाही पास महागणार होता. 'इज्जत'ची मर्यादा वर्षानुवर्षे कुजत पडली तेव्हा अशी ओरड कोणी करणार नव्हते. ज्यांच्याकडे तो पास होता त्यांना ओरडायला वेळ नव्हता, आणि ज्यांचा आवाज दिल्लीत ऐकू जातो त्यांच्याकडे तो पास नव्हता.

धान्याच्या बाबतीत हा धडा आपण एकदा महाग किमतीने शिकलो आहोत. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, तेव्हा चाळीतली आणि सोसायटीतली बाई एकाच मोर्चात होती, कारण दोघींच्या घरी शिधापत्रिका होती आणि दोघींनाही तिची गरज होती. जून १९९७ पासून सार्वजनिक वितरण व्यवस्था 'लक्ष्याधारित' झाली. मध्यमवर्ग दुकानाबाहेर पडला, आणि त्याबरोबर दुकानदाराला वजनकाट्याबद्दल जाब विचारणारा, पुरवठा अधिकाऱ्याला इंग्रजीत तक्रारअर्ज लिहिणारा माणूसही बाहेर पडला. आत कोण राहिले आणि पिवळे कार्ड मिळवताना कोण कोण वगळले गेले, हे आपल्यापैकी ज्यांनी वस्त्यांत काम केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

येथे मधु दंडवते यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. १९७४ साली रेल्वेचा तिसरा वर्ग कागदावरून गेला, पण त्याची लाकडी बाके नावापुरती दुसऱ्या वर्गाची होऊन तशीच राहिली. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर दंडवत्यांनी त्या बाकांवर दोन इंचांची गादी घातली. आज तिचे कोणाला काही वाटत नाही. रात्रभर लाकडावर बरगड्या टेकवून प्रवास केलेली पिढीही आता विरळ होत चालली. या निर्णयातली एक गोष्ट आमच्या आजच्या विषयाशी निगडित आहे. गादी कोणाला द्यायची, हा प्रश्न दंडवत्यांनी विचारलाच नाही. दुसऱ्या वर्गात जो बसेल त्याला ती मिळाली. श्रीमंत माणूस तिच्यासाठी पहिला वर्ग सोडून आला नाही, आणि आला असता तरी कोणाचे काही बिघडले नसते. माणूस निवडत बसण्याऐवजी त्यांनी डबा निवडला.

डबा निवडण्याची ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामावर येणाऱ्याला 'तू गरीब आहेस कशावरून' असे त्या कायद्याने विचारले नाही. उन्हात खडी फोडायला जो येतो त्याला गरज आहे, एवढे धरून चालले. रोजगार हमीत भ्रष्टाचार झाला, हजेरीपटावर खोटी नावे आली, हे खरेच. पण तो बहुतांशी वरच्या माणसांचा भ्रष्टाचार होता. खडी फोडण्यासाठी सधन माणसाने गरिबीचे सोंग घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तमिळनाडूने मे २०२१ पासून शहरी व ग्रामीण साध्या बसमध्ये स्त्रियांचा प्रवास विनामूल्य केला, त्यातही हेच सूत्र आहे: बस साधी, म्हणून तिच्यात चढणारी बाई बहुधा कष्टकरीच. ना अर्ज, ना दाखला. कर्नाटकाने जून २०२३ मध्ये आणि तेलंगणाने त्याच वर्षी डिसेंबरात त्याच वाटेने पाऊल टाकले.

आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एस. टी.च्या सर्व गाड्यांत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. या सवलतीचे श्रेय घेणाऱ्यांची राजकीय गणिते काय होती ते बाजूला ठेवून आम्ही म्हणू की ती योग्य रीतीने दिली गेली. बाई गाडीत चढली, वाहकाने अर्धे तिकीट फाडले, व्यवहार संपला. मात्र तिच्यात एक मोठे छिद्र आहे आणि ते सांगितले पाहिजे. बाजार समितीत पोती वाहणारा हमाल, ऊसतोडीहून परतणारा मजूर, सालगडी यांना पूर्ण भाडे पडते, आणि आरामगाडीने जाणाऱ्या सुस्थितीतील बाईला अर्धे. आमचा आक्षेप बाईला मिळण्याला नाही. साध्या लाल गाडीत, जिच्यात हमाल आणि त्याची बायको दोघेही बसतात, ते भाडेच सर्वांसाठी खाली आणले असते आणि आरामगाड्यांना वेगळा न्याय लावला असता, तर हे छिद्र उरले नसते. उलट १४.९५ टक्क्यांच्या वाढीने जो अर्धे तिकीट घेत नाही त्याच्यावरच अधिक बोजा पडला. रेल्वेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ज्येष्ठ नागरिकांना वयाच्या पुराव्यावर मिळणारी तिकिटातील सूट मार्च २०२० मध्ये साथीच्या निमित्ताने थांबवली, आणि साथ सरून वर्षे लोटली तरी ती परत आली नाही. रेल्वे प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल करते, असे काही वर्षांपूर्वी तिकिटावरच छापून प्रवाशाला त्याच्या ऋणाची जाणीव करून दिली जात असे. महामार्गावर मोटार चालवणाऱ्याला, उड्डाणपूल बांधायला किती खर्च आला, हे कोणी पावतीवर छापून देत नाही.

दाखल्याशिवाय सरकारला पुढे जाताच येत नाही, हेही खरे नव्हे. २०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण'च्या अर्जांसाठी तलाठी कार्यालयांपुढे बायकांच्या रांगा लागल्या, निवडणूक समोर होती, आणि काही दिवसांतच पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून मुक्त केले गेले. जो दाखला अपरिहार्य होता तो आठवड्याभरात अनावश्यक ठरला. मते मिळाल्यावर पडताळणी पुन्हा सुरू झाली, ही पुढची गोष्ट. एस. टी.ने २०२४ च्या जूनपासून विद्यार्थ्यांचे पास आगारात रांग लावायला न लावता थेट शाळेत देण्याची मोहीम काढली. अर्जदाराने कचेरीकडे जायचे, कचेरीने अर्जदाराकडे कधीही जायचे नाही, हा काही निसर्गनियम नाही.

सातासमुद्रापलीकडेही चित्र फार निराळे नाही. न्यू यॉर्क शहरात जानेवारी २०१९ पासून दारिद्र्यरेषेखालील रहिवाशांना भुयारी रेल्वे व बसचे निम्मे भाडे पडेल अशी 'फेअर फेअर्स' योजना सुरू झाली. अर्ज करायचा, उत्पन्न सिद्ध करायचे, कार्ड मिळवायचे. तेथे तलाठी नाही आणि बहुतेकांच्या हाती संगणक आहे; तरीसुद्धा पात्र माणसांपैकी निम्म्याहून कमी लोकांपर्यंतच ती पोचू शकली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या शहराच्या महापौरपदी निवडून आलेले समाजवादी झोहरान ममदानी यांनी प्रचारात बसप्रवासच विनामूल्य करण्याचे वचन दिले, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, एस. टी.चा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे, आणि सवलतीची भरपाई सरकारने वेळेवर न दिल्यास तिचे ओझे चालक-वाहकांच्या पगारावर पडते, हे २०२१-२२ च्या दीर्घ संपाने सर्वांना दाखवले आहे. भाडे खाली आणायचे तर ते पैसे कोणीतरी भरले पाहिजेत, आणि कोणी भरायचे हे आपण स्पष्ट बोलले पाहिजे. रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला, तेव्हा शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या दुष्काळग्रस्ताच्या मजुरीचा वाटा उचलावा हे तत्त्व मान्य झाले होते. तो कर आजही पगारातून महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो. वर्षाला २,५०० रुपयांची ही घटनात्मक कमाल मर्यादा १९८८ ची आहे. पन्नास हजार मिळवणारा आणि पन्नास लाख मिळवणारा तेवढेच भरतात. दुसरी वाट फ्रान्सची. तेथे १९७१ च्या कायद्याने प्रथम पॅरिस परिसरात, आणि नंतर इतर शहरांत, मालकांनी दिलेल्या वेतनाच्या प्रमाणात वाहतूक कर बसवला गेला व तो सार्वजनिक वाहतुकीला मिळतो. यामागील विचार सोपा आहे. कामगार कामावर पोचला नाही तर कारखाना व दुकान चालत नाही. मुंबईत तर कामगाराला कामाच्या जागेजवळ खोली परवडत नाही म्हणून तो साठ-सत्तर किलोमीटरवरून येतो; त्याला जवळ राहता येईल इतका पगार द्यायचा नाही आणि त्याच्या प्रवासाचा खर्चही उचलायचा नाही, अशी दुहेरी सुटका इथल्या मालकवर्गाने करून घेतली आहे. स्वस्त भाडे ही गरिबावर केलेली दया असल्याचे बोलले जाते, तेव्हा त्या भाड्यावर चालणाऱ्या कार्यालयांचा आणि वसाहतींचा नफा कोणी मोजत नाही. बेस्टच्या बसचा तोटा एके काळी तिच्याच वीज विभागाच्या उत्पन्नातून भरून निघत असे. ती व्यवस्था मोडली, आणि तिच्या जागी दुसरी उभी करण्याऐवजी भाडे दुप्पट करणे सोपे गेले.

तेव्हा आमची सूचना अशी आहे की 'अल्प उत्पन्न गटासाठी पास' ही भाषा आपल्या निवेदनांतून काढून टाकावी. साध्या बसचे आणि दुसऱ्या वर्गाचे भाडे सर्वांसाठी कमी करा, त्यासाठी मालकांकडून वाहतूक कर घ्या, आणि व्यवसाय कराची मर्यादा उठवण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा, अशी मागणी असावी. हे होण्यास काळ लागेल. दरम्यान ज्या काही सवलती अर्ज करूनच मिळतात त्या मिळवून देण्याचे काम थांबवण्याचे मुळीच कारण नाही. तत्त्व शुद्ध ठेवण्यासाठी कोणा बाईने पूर्ण भाडे भरावे, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. तोवर निदान एवढे तरी मागता येईल की शिधापत्रिका हाच पुरावा मानावा, उत्पन्नाची मर्यादा किमान वेतनाबरोबर आपोआप वाढावी, आणि मुदतीत नकार कळवला नाही तर अर्ज मंजूर समजावा.

आणि एक काम प्रत्येक तालुका शाखेने अंगावर घ्यावे. तहसील कचेरीसमोर आठवड्यातून एक दिवस टेबल टाकून बसावे, दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा अर्ज लिहून द्यावा, आणि एका वहीत नोंद ठेवावी: माणूस कोठून आला, ही त्याची कितवी फेरी, येण्याजाण्याला किती पैसे लागले, किती दिवसांची मजुरी बुडाली, सवलत कितीची होती आणि ती मिळाली की नाही. नावे लिहू नयेत, आकडे मात्र वाढवूही नयेत आणि कमीही करू नयेत. शहापूर, कर्जत, पालघर, वसई या लोहमार्गालगतच्या तालुक्यांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. वर्षभराच्या अशा वह्या जमल्या म्हणजे आपल्या शिष्टमंडळाला परिवहनमंत्र्यांपुढे भाषण करण्याची गरज पडणार नाही. वह्याच टेबलावर ठेवता येतील.